रोग यायच्या आधी लावलेली पपई: हवाईतील रिंगस्पॉट प्रकरण

मे १९९२ मध्ये हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावर, पुना जिल्ह्यातल्या पाहोआ गावाजवळ, पपईच्या झाडांवर रिंगस्पॉट विषाणू सापडला. (नाव ऐकून आपलं पुणं आठवेल, पण हा पुना प्रशांत महासागरात, ज्वालामुखीच्या उतारावर आहे.) त्या वेळी हवाई राज्यात पिकणाऱ्या पपईपैकी सुमारे ९५ टक्के पपई या एकट्या जिल्ह्यातून येत होती. सगळं पीक एका जागी आणि त्याच जागी रोग.

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिल १९९२ मध्ये, ओआहू बेटावर वैमानालो इथल्या प्रक्षेत्रावर याच विषाणूला दाद न देणाऱ्या पपईची पहिली शेतचाचणी लागली होती. या दोन तारखा जवळ आल्या हा योगायोग. पण त्या चाचणीपर्यंत पोचायला आधीची कितीतरी वर्षं लागली होती, आणि ती वर्षं कुणीतरी रोग नसताना खर्ची घातली होती. पीकरोगांच्या कामात सहसा आधी रोग येतो, मग ओरड होते, मग निधी येतो, मग माणसं कामाला लागतात, आणि उत्तर हाती येतं तोवर शेतकऱ्याने बाग मोडून दुसरं पीक घेतलेलं असतं. इथे क्रम उलटा झाला. म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं.

रोग कसा दिसतो, कसा पसरतो

आपल्याकडचा पपईवाला शेतकरी "बागेत व्हायरस आला" एवढंच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. आधी शेंड्याची पानं बिघडतात. हिरव्यात पिवळे चट्टे पडतात, पानाचा पृष्ठभाग सुरकुततो, पाळ्या अरुंद होत जातात आणि शेवटी पानाच्या जागी शिरांचे दोरे लोंबताहेत असं वाटतं. देठावर आणि खोडाच्या कोवळ्या भागावर तेलाचं बोट ओढल्यासारख्या गडद, ओलसर रेघा उमटतात. माझ्या मते बागेत शिरल्यावर पहिल्यांदा बघायची जागा हीच, कारण पानाचा पिवळेपणा अन्नद्रव्याच्या कमतरतेनेही येतो. देठावरच्या या रेघा मात्र सहसा फसवत नाहीत. मग फळांवर गडद हिरवी गोल वलयं येतात, ज्यावरून रोगाला नाव पडलं. फळ पिकलं तरी वलयं पुसट का होईना राहतात आणि गोडी उतरते. लहान रोपाला लागण झाली तर ते झाड फळच धरत नाही. मोठं झाड लगेच मरत नाही. खुरटत राहतं, आणि जितके दिवस उभं असतं तितके दिवस शेजारच्या झाडांना रोग देत राहतं.

रोग पसरवतो मावा. पण मावा पपईवर सहसा वस्ती करत नाही. उडत उडत येतो, पानावर बसतो, सोंड टोचून चव घेतो, हे आपलं झाड नाही असं कळलं की पुढच्या झाडावर जातो. या चव घेण्यात काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. पुढच्या झाडावर पुन्हा काही सेकंद, आणि विषाणू उतरतो. शेतकरी पानं उलटी करून बघतो, मावा कुठेच दिसत नाही, आणि बाग मात्र आठवड्यागणिक पिवळी पडत जाते. कीटकनाशकाचा उपयोग होत नाही तो याच कारणाने: औषधाने मावा मरेलही, पण मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. एकदा झाडात विषाणू शिरला की त्याला बाहेर काढणारं औषध नाही. रोगट झाड दिसताक्षणी उपटणं आणि निरोगी भागापासून रोगट भाग लांब ठेवणं, एवढीच जुनी शस्त्रं.

एक बेट सोडून दुसऱ्या बेटावर

हवाईत हा रोग नवा नव्हता. १९४० च्या दशकात तो ओआहू बेटावर नोंदला गेला. तिथली पपई १९११ मध्ये बार्बाडोसहून आलेल्या 'सोलो' जातीच्या वंशातली, लहान, एका माणसाला पुरेल एवढ्या आकाराची. १९५० च्या दशकात ओआहूवरच्या बागा रोगाने बसायला लागल्या आणि लागवड हळूहळू पुनाकडे सरकली. तिथे विषाणू नव्हता.

पुनाची जमीन म्हणजे थंड झालेला लाव्हा. माती अशी फारशी नाहीच. खडकात खड्डा करायचा, थोडी माती टाकायची, रोप लावायचं. पाऊस भरपूर, पण सच्छिद्र खडकातून पाणी झरझर खाली जातं, त्यामुळे पपईच्या मुळांशी पाणी साचत नाही. ज्यांनी पपईची मुळं कुजलेली पाहिली आहेत त्यांना याची किंमत कळेल. 'कपोहो' नावाची पिवळ्या गराची जात या जमिनीला इतकी मानवली की पुना आणि कपोहो हे दोन शब्द एकमेकांना चिकटूनच बसले. हा पिवळा गर लक्षात ठेवावा. पुढे त्याच्यामुळेच एक मोठा पेच उभा राहिला आणि सुटलाही.

रोगापासून पळून जाऊन वसवलेली शेती जितकी सुरक्षित वाटते तितकी नसते. १९७० च्या दशकात विषाणू याच बेटावरच्या हिलो शहराच्या परसबागांत सापडला. हिलो ते पुनाच्या पपईबागा हे अंतर १९ मैल, म्हणजे साधारण ३० किलोमीटर. राज्याच्या कृषी खात्याची माणसं परसात फिरून रोगट झाडं शोधत आणि तोडत होती. मध्ये पपई नसलेला मोठा पट्टा होता. या दोन गोष्टींच्या जोरावर पुनाने बरीच वर्षं तग धरला. पण परसबागेतली पपई कुणी मोजलेली नसते, आणि रोप हातात घेऊन पाहुणा म्हणून जाणारा माणूस ३० किलोमीटर सहज ओलांडतो.

गोन्साल्व्हिस आणि बाकीचे चौघे

डेनिस गोन्साल्व्हिस हे हवाईच्याच कोहालाचे, उसाच्या मळ्यातल्या वस्तीत वाढलेले. वनस्पतीरोगशास्त्रज्ञ झाले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात विषाणूंवर काम करू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पपईच्या रिंगस्पॉटकडे लक्ष वळवलं. पुना तेव्हा पूर्ण निरोगी होतं. "हिलोत आहे म्हणजे आज ना उद्या पुनात येणार" हे गृहीत धरून काम सुरू झालं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्या पिकाला आज काही झालेलं नाही त्यासाठी वेळ आणि पैसा मागायचा असतो तेव्हा समोरच्याला ते पटवणं किती कठीण जातं हे संशोधन केंद्रांत काम केलेल्या कुणालाही विचारावं.

पहिला प्रयत्न जुन्या पद्धतीचा होता. विषाणूचा एखादा सौम्य वाण झाडाला आधीच टोचून ठेवला तर तीव्र वाण सहसा जोर धरत नाही. गोन्साल्व्हिस यांच्या प्रयोगशाळेत शी-डाँग येह यांनी हवाईतून आणलेल्या विषाणूवर नायट्रस आम्लाची प्रक्रिया करून 'एचए ५-१' नावाचा सौम्य वाण मिळवला. तैवानमध्ये आणि ओआहूवर तो वापरून पाहिला. उपयोग झाला, पण अर्धवट. तैवानात स्थानिक वाणांच्या माऱ्यापुढे संरक्षण टिकेना. हवाईत काही जातींवर सौम्य वाणाचीच लक्षणं दिसायला लागली. शिवाय प्रत्येक रोपाला हाताने विषाणू टोचायचा, आणि तो स्वतःच्या बागेत मुद्दाम आणायचा, हे शेतकऱ्याच्या गळी उतरणं अवघड होतं. मला यात शेतकऱ्यांचा हेका दिसत नाही. विषाणूला बागेबाहेर ठेवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने तो सौम्य म्हणून आत घ्यायला कां-कूं केली तर ते साहजिकच आहे.

१९८६ मध्ये रॉजर बीची यांच्या गटाने दाखवून दिलं की तंबाखू मोझॅक विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक तंबाखूच्या झाडात घातलं तर ते झाड त्या विषाणूला सहजी बळी पडत नाही. गोन्साल्व्हिस यांनी तोच विचार पपईवर लावायचं ठरवलं. जमलेली टोळी लहान होती. हवाई विद्यापीठातले उद्यानविद्यातज्ज्ञ रिचर्ड मॅन्शार्ट, त्यांची विद्यार्थिनी मॉरीन फिच, जनुकाची रचना करून देणारे जेरी स्लाइटम, आणि पुढे शेतचाचणीची धुरा वाहणारे हवाई विद्यापीठाचे स्टीव्ह फेरेरा. जनुक घेतलं ते त्याच सौम्य 'एचए ५-१' वाणाचं. आधीचा प्रयत्न फसला म्हणावा तर त्याचा गाभा पुढच्या प्रयत्नात जसाच्या तसा कामी आला.

जनुक पपईत घालायचं कसं, हा खरा अडसर होता. झाडात जनुक नेऊन सोडणाऱ्या जिवाणूच्या मार्गाने ते हवं तसं जमेना. मग फिच यांनी पपईच्या अपक्व भ्रूणांपासून प्रयोगशाळेत वाढणारी भ्रूणजन्य ऊती (जिच्यातून नवं रोप उभं राहू शकतं असा पेशींचा पुंजका) तयार केली, आणि त्या ऊतीवर कॉर्नेलमध्येच जॉन सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या जनुक-बंदुकीने मारा केला. टंगस्टनच्या अतिसूक्ष्म कणांना डीएनएचा लेप द्यायचा आणि ते कण ऊतीत घुसवायचे. बहुतेक पेशी मरतात किंवा काहीच होत नाही. क्वचित एखाद्या पेशीत डीएनए गुणसूत्रात बसतो. ती पेशी ओळखायची, वाढवायची, तिच्यापासून मुळं-पानं असलेलं रोप उभं करायचं. यात महिने नव्हे, वर्षं जातात.

या माऱ्यातून अगदी मोजकीच जनुकांतरित रोपं हाती आली. १९९१ मध्ये काचगृहात त्यांच्यावर मुद्दाम विषाणू चोळला. '५५-१' हा क्रमांक असलेलं रोप हिरवंगार राहिलं. एवढ्या सगळ्या खटाटोपात कामाची निघाली ती हीच एक ओळ. आज हवाईत जी विषाणूरोधक पपई पिकते तिचा वंश या एका रोपाशी जाऊन मिळतो.

आणि ते रोप मादी निघालं. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी झाडं असतात, हवाईच्या बाजाराला उभयलिंगी झाडाचं नासपतीच्या आकाराचं फळ लागतं, आणि मादीचं फळ गोल, पातळ गराचं. म्हणजे ५५-१ चं फळ विकण्याजोगंच नव्हतं. त्याच्यापासून संकर करत, पिढ्या पाडत पुढे जावं लागणार होतं. वेळ वाचवण्यासाठी या टोळीने एक धाडस केलं: पुढच्या पिढ्या तयार होईपर्यंत न थांबता ५५-१ च्याच फांद्यांपासून वाढवलेली रोपं थेट शेतात नेली. तीच एप्रिल १९९२ ची वैमानालोची चाचणी.

पुनातली पडझड

मे १९९२ नंतर पुनात जे घडलं ते सगळ्यांनी भीत भीत अपेक्षिलेलंच होतं. आधी रोगट झाडं तोडायची मोहीम निघाली. हजारो झाडं पडली. पण काही शेतकऱ्यांनी तोट्यात गेलेल्या बागा तशाच सोडून दिल्या, आणि सोडलेली बाग म्हणजे विषाणूचं कोठार. ऑक्टोबर १९९४ मध्ये राज्य सरकारने झाडं तोडण्याची सक्ती मागे घेतली, कारण विषाणू आटोक्यात येण्याची आशाच राहिली नव्हती. पुनाचं पपई उत्पादन १९९२ मध्ये ५ कोटी ३० लाख पौंड, म्हणजे साधारण २४ हजार टन होतं. १९९८ पर्यंत ते निम्म्यावर आलं.

वैमानालोत मात्र ५५-१ ची झाडं उभी होती. शेजारची साधी झाडं काही महिन्यांत पिवळी पडली, ५५-१ ची हिरवी राहिली. प्रश्न फक्त एक होता, आणि तो शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा होता. जनुक बसवलं होतं ते 'सनसेट' या लाल गराच्या जातीत. पुनाचा शेतकरी पिकवत होता पिवळ्या गराची कपोहो. त्याचे ग्राहक, त्याची खोकी, त्याचा बाहेरगावी जाणारा माल, सगळं पिवळ्या गरावर बेतलेलं. रोगाला न जुमानणारी पण बाजारात अनोळखी लाल पपई त्याला देऊन काय साधणार होतं?

मॅन्शार्ट यांनी यावर साध्या संकराने तोड काढली. ५५-१ च्या पुढच्या पिढ्यांतून जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली शुद्ध ओळ निवडली, तिला 'सनअप' नाव दिलं. सनअपचा कपोहोशी संकर केला. पपईत पिवळा गर लालवर प्रभावी असतो, म्हणून संकराचं फळ पिवळं आलं. जनुकाची एक प्रत आली, आणि हवाईतल्या विषाणूला ती पुरेशी ठरली. अर्धा कपोहो असल्यामुळे पुनाच्या लाव्हालाही ती मानवली. या संकराचं नाव 'रेनबो'. जनुकांतरणाची चर्चा झाली की सगळं बोलणं जनुकाभोवती फिरतं. माझ्या मते पुनाची बाग वाचली ती निम्मी जनुकाने आणि निम्मी या संकराने. शेतकऱ्याला त्याची पपई परत मिळाली, दुसऱ्या कुणाची नव्हे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये कपोहो भागातच, रोगाच्या ऐन माऱ्यात, फेरेरा यांच्या देखरेखीखाली मोठी चाचणी लागली. सभोवती रोगट बागा होत्या, म्हणजे विषाणू मुद्दाम आणायची गरजच नव्हती. एका सलग तुकड्यात रेनबो, बाजूला साधी झाडं. आकाशातून काढलेल्या छायाचित्रात चौकोनी, गर्द हिरवा तुकडा दिसतो आणि त्याच्या भोवती विरळ, पिवळी, खुरटी झाडं. या छायाचित्राला तक्त्याची गरज लागत नाही, तरी आकडे द्यायला हवेत. रेनबोचं वर्षाचं उत्पादन एकरी सुमारे १,२५,००० पौंड, म्हणजे ५६ टनांच्या आसपास. शेजारच्या साध्या पपईचं ५,००० पौंड, सव्वादोन टन. शेतकरी येऊन हे तुकडे बघून जात होते. चाचणी संशोधन केंद्राच्या कुंपणात नव्हती, त्यांच्याच शेजारी होती, हे फार मोलाचं ठरलं.

कागदपत्रांची तीन वर्षं

झाड तयार असणं आणि ते शेतकऱ्याच्या हातात पडणं यात अजून एक डोंगर होता. अमेरिकेत तीन यंत्रणांची परवानगी लागत होती. कृषी खात्याला पाहायचं होतं की हे झाड इतर वनस्पतींना धोका ठरेल का. हवाईत पपईचे रानटी नातलग नाहीत, त्यामुळे जनुक रानात पसरण्याचा प्रश्न बराचसा मिटला. ही मंजुरी नोव्हेंबर १९९६ मध्ये आली. पर्यावरण संस्थेच्या लेखी विषाणूचं आवरण-प्रथिन हे कीडनाशकासारखं, त्यामुळे फळात ते किती चालेल हे ठरवायचं होतं. इथे एक नेमका युक्तिवाद कामी आला: विषाणूग्रस्त पपई लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, आणि त्या फळांत हे प्रथिन रेनबोपेक्षा कितीतरी जास्त असतं. ऑगस्ट १९९७ मध्ये ती सूट मिळाली. अन्न व औषध यंत्रणेशी सल्लामसलत सप्टेंबर १९९७ मध्ये पूर्ण झाली.

हे सगळं काम कुठल्या मोठ्या बियाणे कंपनीने नव्हे, त्याच लहान टोळीने केलं. आणि त्यानंतर पेटंटं. जनुक-बंदुकीपासून आवरण-प्रथिनाच्या कल्पनेपर्यंत एकेका गोष्टीवर कुणाचा ना कुणाचा हक्क होता. संशोधनासाठी वापरताना कुणी अडवलं नव्हतं, विक्रीला उतरायचं म्हटल्यावर परवाने लागले. हे परवाने शास्त्रज्ञांनी नाही, पपई उत्पादकांच्या समितीने मिळवले. चार हक्कधारकांशी बोलणी करून एप्रिल १९९८ पर्यंत करार पुरे झाले. बियाणं फक्त हवाईत वापरायचं, फळ बाहेर विकायला हरकत नाही, अशी अट होती. संशोधन संस्थांमध्ये आजही असंख्य चांगली वाणं या टप्प्यावर अडून राहतात, कारण हे काम कुणाच्याच जबाबदारीत लिहिलेलं नसतं. इथे ते कुणीतरी आपलं मानलं.

१ मे १९९८ पासून बियाणं वाटप सुरू झालं. शेतकऱ्यांना ते मोफत मिळालं. आधी माहितीचं सत्र पूर्ण करायचं आणि सही करायची, एवढीच अट. थोड्याच काळात ९० टक्के शेतकऱ्यांनी बियाणं घेतलं आणि त्यांपैकी ७६ टक्क्यांनी ते लावलंही. २००१ पर्यंत पुनाचं उत्पादन पुन्हा ४ कोटी पौंडांपर्यंत पोचलं.

जे सुटलं नाही

जपान हा हवाईच्या पपईचा जुना आणि चोखंदळ ग्राहक. तिथे जनुकांतरित पपईला परवानगी नव्हती. ती मिळायला डिसेंबर २०११ उजाडला. मधली तेरा वर्षं जपानसाठी साधी कपोहोच पिकवायची होती, आणि गंमत अशी की ती पिकवणं शक्य झालं तेही रेनबोमुळेच. भोवती रेनबो लावली की जिल्ह्यातला विषाणूचा साठाच घटतो, आणि सीमेवरच्या रेनबोवर चव घेत घेत आलेल्या माव्याची सोंड आतल्या साध्या झाडापर्यंत पोचेस्तोवर जवळपास स्वच्छ झालेली असते. कुंपणाचं काम रोगप्रतिकारक पिकाने करायचं ही कल्पना मला या प्रकरणातल्या सर्वांत शेतकी कल्पनांपैकी एक वाटते. तिला ना औषध लागलं, ना यंत्र.

दुसरी बाजू सेंद्रिय शेतकऱ्यांची. पपईचं परागकण वाऱ्याने आणि कीटकांनी जातं. शेजारच्या रेनबोचे कण सेंद्रिय बागेतल्या झाडावर पडले तर त्या फळाच्या गरात काही बदलत नाही, पण बियांमध्ये जनुक येऊ शकतं. ज्याचं प्रमाणपत्र आणि ज्याचा ग्राहक 'जनुकांतरित नाही' या शब्दावर अवलंबून आहे त्याच्यासाठी ही बारीक गोष्ट नाही. या तक्रारीला "फळाला काही होत नाही" हे उत्तर पुरत नाही, कारण त्याने बी धरून ठेवायचा हक्क मागितला आहे. रेनबो पसरली तेव्हा या शेतकऱ्यांशी अंतर, लागवडीची वेळ, बियाण्याची तपासणी याबद्दल आधीच बोलणी व्हायला हवी होती, असं माझं मत आहे. ती नंतर झाली, आणि तोवर कटुता आली होती. २०१० आणि २०११ मध्ये पुनात रात्रीतून हजारो पपईची झाडं कुणीतरी तोडली. पीक कुठलंही असो, फळाला आलेली झाडं कापून पडलेली बघणाऱ्या शेतकऱ्याला वादातली बाजू आठवत नाही.

तिसरी गोष्ट शास्त्राची. सुरुवातीला वाटलं होतं की झाडातलं आवरण-प्रथिन विषाणूला अडवतं. पुढे कळलं की खरं काम आरएनएच्या, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या नकलेच्या, पातळीवर होतं: झाड त्या जनुकाचा आरएनए परका म्हणून ओळखून कापतं, आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए आला की तोही कापला जातो. म्हणजे संरक्षण टिकतं ते जुळणीवर. हवाईतले विषाणू एकमेकांशी जवळचे, त्यामुळे रेनबोची एक प्रत पुरली. पण तैवान, थायलंड, ब्राझीलमधल्या वाणांची जुळणी कमी, आणि त्यांच्यापुढे रेनबो, विशेषतः कोवळ्या वयात, उघडी पडते. दोन प्रती असलेली सनअप जास्त तग धरते. या बेटांना म्हणूनच बाहेरचं पपईचं रोप येऊ न देणं आजही तेवढंच गरजेचं आहे. तैवानात तर दुसराच, पपईची पानं वाकडी करणारा विषाणू पुढे आला आणि रिंगस्पॉटरोधक पपईलाही लागला.

याच कल्पनेचं दुसऱ्या देशात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. थायलंडने कॉर्नेलच्या मदतीने स्वतःच्या विषाणूवर आधारित, स्वतःच्या जातीतली पपई तयार केली होती. २००४ मध्ये खोन केन इथल्या केंद्रातून बियाणं बाहेर गेल्यावरून मोठा वाद झाला आणि शेतचाचण्या थांबल्या. झाड तेवढंच चांगलं होतं. शेतकरी, नियम आणि शास्त्रज्ञ एका टेबलाशी आणायचं काम, जे हवाईत उत्पादकांच्या समितीने केलं, ते तिथे जमलं नाही.

२००८ मध्ये 'नेचर' नियतकालिकात पपईचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेलं झाड होतं सनअप. जनुकांतरित पिकाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेल्याची ती पहिलीच वेळ. ज्या ओळीची सुरुवात एका मादी रोपापासून झाली तिच्यात बाहेरून आलेला डीएनए नेमका कुठे, किती तुकड्यांत बसला आहे हे आता अक्षरशः वाचता येत होतं. रेनबो वाटून दहा वर्षं झाली होती.

मे २०१८ मध्ये किलाउएया ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या भेगा पुनात उघडल्या. ऑगस्टपर्यंत लाव्हा वाहत राहिला. कपोहोची किनाऱ्याकडची वस्ती गाडली गेली, आणि तिच्या आसपासच्या पपईच्या बागांचा मोठा भागही. विषाणूने ज्यांना हलवलं नव्हतं त्या शेतकऱ्यांना आता रोपं लावण्यापुरता खडक निवेपर्यंत दुसरीकडे जमीन शोधावी लागली.